मदत हवी आहे: सीएफइंजिन सोर्सवरून बिल्ड होत नाहीये (तातडीचं)

अर्धवट_अ‍ॅडमिन
नमस्कार मंडळी. सीएफइंजिन (अनेक मशिनांची सेटिंग सांभाळणारं साधन) सोर्सवरून बसवायचंय. कॉन्फिगर (बिल्डआधीची तपासणी करणारी स्क्रिप्ट) चालवलं की एलएमडीबी (त्याला लागणारी डेटाबेस लायब्ररी) सापडत नाही म्हणून थांबतं. एलएमडीबी टाकलेली आहे. दोनदा काढून परत टाकली. सकाळपासून इथेच अडकलोय आणि सोमवारी बारा मशिनं तयार करून द्यायची आहेत. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

रूटकाका
सोपं आहे. लिबएलएमडीबी-डेव टाक. नुसती लायब्ररी असून भागत नाही, हेडर फाइल (कंपाइल करताना लागते ती) वेगळ्या पॅकेजात असते. नवीन पोरं इथेच आपटतात.

मिरजेची_मालू
ओएस कोणती? सीएफइंजिनची आवृत्ती कोणती? एररची नेमकी ओळ काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

अर्धवट_अ‍ॅडमिन
काका, इथे आप्ट (डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) नाहीये.

रूटकाका
मग डीएनएफने एलएमडीबी-डेवेल टाक. तेच ते.

अर्धवट_अ‍ॅडमिन
तेही नाही. आणि हेडर आहे हो! /यूएसआर/लोकल/इन्क्लूड मध्ये डोळ्यांना दिसतंय. कॉन्फिगरलाच दिसत नाही.

प्लेबुक_पाटील
एवढी उरस्फोड कशाला? अन्सिबल घ्या, तेही मशिनंच सांभाळतं. एजंट (प्रत्येक मशिनवर बसवायचा प्रोग्राम) नको, बिल्ड नको, एसएसएच असलं की झालं. आमच्याकडे दोनशे मशिनं त्याच्यावर आहेत.

रूटकाका
@पाटील, "एसएसएच असलं की झालं" हे अर्धसत्य. पलीकडच्या मशिनवर पायथनही लागतं, ते कोण टाकणार? सीएफइंजिन सी मध्ये लिहिलेलं आहे. मार्क बर्जेसने ऑस्लोत १९९३ साली सुरू केलं, तेव्हा तुमचं अन्सिबल जन्मायला जवळजवळ वीस वर्षं होती. आणि हब (सगळ्यांना पॉलिसी, म्हणजे नियम, देणारा मुख्य सर्व्हर) झोपला तरी एजंट आपल्याजवळच्या शेवटच्या पॉलिसीवर दर पाच मिनिटांनी काम करत राहतो. तुमचा लॅपटॉप बंद झाला की प्लेबुक (अन्सिबलची कामांची यादी) कोण चालवतं?

प्लेबुक_पाटील
काका, ठरल्या वेळी काम चालवणारी क्रॉन नावाची एक गोष्ट असते. बाकी १९९३ साली मी बालवाडीत होतो, त्याचा राग माझ्यावर काढू नका.

शब्दवेडा
अवांतर: "कंपाइल"ला मराठीत संकलन म्हणतात, पण संकलन म्हणजे चित्रपटाचंही आणि लेखांचंही. "बिल्ड"ला काय म्हणावं? बांधणी?

सदाशिव_शेजारी
कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणजे गिटच ना? गिट बसवायला सोर्स कशाला हवा? मी विंडोजवर नेक्स्ट नेक्स्ट करून बसवलं.

मिरजेची_मालू
@सदाशिव, गिट फायलींच्या आवृत्त्या सांभाळतं. हे मशिनंच सांभाळतं: कुठली फाइल कशी असावी, कुठली सेवा चालू असावी, ते.

@अर्धवट, पॅकेजातून आलेलं हेडर /यूएसआर/लोकल मध्ये आणि आप्ट नाही, डीएनएफ नाही. ही फ्रीबीएसडी आहे का? कॉन्फिग डॉट लॉग उघड, एलएमडीबी शोध, त्याच्या आसपासच्या ओळी टाक. स्क्रीनवर एकच ओळ दिसते, खरं रडगाणं लॉगमध्ये असतं.

अर्धवट_अ‍ॅडमिन
हो, फ्रीबीएसडी १३. लिहायचं राहिलं. लॉगमध्ये क्लँग म्हणतोय की एलएमडीबी डॉट एच फाइल सापडली नाही.

रूटकाका
अरे मग हे आधी सांगायचं! अर्धा दिवस मी डेबियन समजून बोलतोय.

मिरजेची_मालू
मग कारण उघड आहे. फ्रीबीएसडीत मूळ प्रणालीचं सगळं /यूएसआर खाली आणि पीकेजीने (तिथलं पॅकेज टाकायचं साधन) टाकलेलं सगळं /यूएसआर/लोकल खाली. तिथला कंपायलर आपणहून लोकलमध्ये डोकावत नाही. म्हणून कॉन्फिगरच्या आधी, कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या चलांत, म्हणजे सीपीपीफ्लॅग्ज मध्ये -आय/यूएसआर/लोकल/इन्क्लूड आणि एलडीफ्लॅग्ज मध्ये -एल/यूएसआर/लोकल/लिब दे. (मोबाइलवरून लिहितेय, सगळं देवनागरीत उमटतंय. तू टाइप करताना रोमनमध्ये कर, हे सांगायला नको.)

पोर्टवाला
फ्रीबीएसडीवर सोर्स कोण बांधतं? पीकेजी इन्स्टॉल सीएफइंजिन. विषय संपला.

अर्धवट_अ‍ॅडमिन
@पोर्टवाला, पीकेजीत हबपेक्षा पुढची आवृत्ती मिळतेय. हब ३.२१ वर आहे आणि हबपेक्षा नवा एजंट लावायचा नाही असं त्यांच्याच कागदपत्रांत आहे. हब माझ्या हातात नाही.

@मालूताई, तुम्ही म्हणालात तसं केलं. "सीपीपीफ्लॅग्ज=... कमांड नॉट फाउंड" म्हणतंय. कमांड कुठेय त्यात??

मिरजेची_मालू
रूट म्हणून बसलायस ना? १३ मध्ये रूटचं शेल सीएसएच असतं. एसएच ते १४.० पासून झालं. सीएसएचला चलाची (व्हेरिएबलची) किंमत कमांडच्या आधी अशी लिहिलेली कळत नाही, ते तिलाच कमांड समजतं. ओळीच्या सुरुवातीला "एन्व्ह" लाव, नाहीतर आधी एसएच म्हणून त्यात शिर.

किंवा ते सगळं सोड. कॉन्फिगरलाच --विथ-एलएमडीबी=/यूएसआर/लोकल सांग. पीसीआरईलाही (मजकुरातले नमुने शोधणारी लायब्ररी) तसंच सांगावं लागेल. ३.२१ ला जुनं पीसीआरई लागतं, पीसीआरई२ चालत नाही. ३.२४ ला पीसीआरई२. उगाच दुसरं टाकून बसू नकोस.

रूटकाका
माझ्या मते गिटवरून घ्यावं. टारबॉल (सोर्सची तयार गाठोडी) जुने असतात.

मिरजेची_मालू
काका, गिटवरून घेतलं तर लिबएनटेक हा सबमॉड्यूल वेगळा ओढावा लागतो, रिकर्सिव्ह विसरलं की फोल्डर रिकामं. शिवाय ऑटोजेन चालवायचं म्हणजे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आलंच. ह्याच्याकडे टारबॉल आहे, त्यात कॉन्फिगर तयार आहे. ह्याला सोमवारी द्यायचंय. कशाला नवा फास?

रूटकाका
मी फक्त मत मांडलं.

शब्दवेडा
"सबमॉड्यूल"ला पोटघटक?

अर्धवट_अ‍ॅडमिन
कॉन्फिगर पार पडलं!!! पीसीआरई२ खरंच टाकून बसलो होतो, जुनं टाकलं. आता मेक तक्रार करतंय.

पोर्टवाला
जीमेक. तिथलं मेक हे बीएसडीचं, जीएनयूचं नाही. म्हणूनच म्हणत होतो पोर्ट (फ्रीबीएसडीसाठी आधीच जुळवलेलं पॅकेज) वापर, ही सगळी दुखणी त्यांनी आधीच काढलेली असतात.

अर्धवट_अ‍ॅडमिन
जीमेक झालं, जीमेक इन्स्टॉलही झालं. पण सीएफ-एजंट टाइप केलं तर कमांड नॉट फाउंड. आता शेल एसएच आहे!

मिरजेची_मालू
प्रीफिक्स दिला नसशील तर सगळं /व्हार/सीएफइंजिन खाली गेलंय. बिन फोल्डरात बघ. ते पाथमध्ये नसतं, पूर्ण मार्ग लिही.

अर्धवट_अ‍ॅडमिन
मिळालं. आवृत्ती दाखवतंय, ३.२१. ताई, तुमचे उपकार. काका, तुमचेही. पाटील, तुमचं अन्सिबल पुढच्या जन्मी.

प्लेबुक_पाटील
बारा मशिनांवर हे बारा वेळा करणार का? की लूप लावणार? एसएसएचने? 🙂

अर्धवट_अ‍ॅडमिन
एकावर बांधून टार करून बाकीच्यांवर नेणार. पण बूटस्ट्रॅप (मशिन हबला पहिल्यांदा जोडणं) होत नाहीये. काय करू?

मिरजेची_मालू
एरर काय?

रूटकाका
फायरवॉल. नेटवर्कचं ५३०८ पोर्ट उघड. हबवर यूएफडब्ल्यू फायरवॉल असेल, त्यात allow कर... थांब. हबवर ओएस कोणती आहे?