‘उंबरठा’तल्या स्मिताला डावललं की नाही?

पिटातला_प्रेक्षक:
काल इथं एका महाशयांनी लिहिलं की ‘उंबरठा’ या मराठी चित्रपटात स्मिता पाटील नुसता गंभीर चेहरा करून फिरते, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार रेखाला ‘उमराव जान’साठी दिला तेच योग्य, आणि दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या बाईसाठी कसले गळे काढता! डोकंच फिरलं, म्हणून जरा सविस्तर.

१९८१च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘उंबरठा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. म्हणजे चित्रपट उत्तम, पण तो जिच्या जिवावर उभा आहे ती मात्र यादीत नाही. रेखाच्या दिमतीला खय्याम, आशाबाई, शहरयारच्या गझला, मुजरे, दागिने. स्मिताच्या सुलभा महाजनकडे काय? घर सोडून चालवायला घेतलेलं संगमवाडीचं महिला सुधारगृह, सह्यांचे कागद आणि वरून डोळे वटारणारी कमिटी. एवढ्यावर ती बाई चित्रपट ओढून नेते. शेवटी घरी परतते तर पोर काकूला चिकटलेली, नवरा दुसऱ्या बाईची कबुली देतोय. इथं दुसरी कुणी असती तर पदर तोंडात कोंबून रडली असती. स्मिता फक्त ऐकते. पटकथाकार विजय तेंडुलकरांनी लिहिलेलं सगळं त्या ऐकण्यात आहे.

आणि ‘आदल्याच वर्षी “चक्र”साठी दिलं होतं’ हे कारण सांगू नका. शबानाला पुढं ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’साठी लागोपाठ तीन वर्षं दिलंच की.

अवधी_मिजास:
ते महाशय मीच. दागिने घालून अभिनय होत असता तर निम्म्या नट्यांना पुरस्कार द्यावा लागला असता. रेखा शेवटी फैजाबादला स्वतःच्या आईच्या दारात उभी राहते, ते पाहिलंय का? की गाणी संपल्यावर उठलात? आणि स्मिताला ‘उंबरठा’साठी राज्य पुरस्कार मिळाला होता, हे सोयीस्कर विसरलात.

फिल्लमबाज:
मूळ दुखणं वेगळंच आहे. दिल्लीत मराठी चित्रपटाला ‘सर्वोत्कृष्ट मराठी’चं ताट दिलं की बोळवण झाली. मराठी चित्रपटासाठी अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो थेट २०१०चा, मिताली जगताप यांना ‘बाबू बँड बाजा’साठी. तोही विभागून! स्मिताचे दोन्ही हिंदीसाठी, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’. कळलं?

अवधी_मिजास:
कन्नड, मल्याळमवाल्या बायका तेव्हाही घेऊन जात होत्या. मल्याळम-तेलुगूतल्या शारदानं तीनदा नेला. त्यांची बोळवण का नाही झाली?

आजोळची_पोर:
पुरस्कारांचं राहू द्या. मला ती सुलभाच पटत नाही. तिला समाजसेवा करायची, म्हणून पोटची पोर जावेच्या ओटीत टाकून जायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? माझी आई नोकरीपायी तालुक्याला राहायची, मी आजीकडे. शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांच्या आया पुढच्या रांगेत असायच्या. ‘उंबरठा’तलं ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ लागलं की तुम्हाला विरह आठवतो, मला रागच येतो.

पिटातला_प्रेक्षक:
ताई, विषय अभिनयाचा आहे.

आजोळची_पोर:
मला ताई म्हणून गप्प बसवू नका.

सासुरवाशीण_नव्हे:
अहो, पण तिचा नवरा सुभाष काय करतो? वकील माणूस, स्वतःच्या घरात राहतो, पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर असते. तरी तिला वाढवते जाऊच. त्याच्यावर कुणी चिडत नाही! आमचे बाबा दौऱ्यावर असायचे, घरी आले की खाऊ आणायचे, संपलं. ‘बाबांनी टाकलं’ असं म्हणायचं आम्हाला कधी सुचलंही नाही.

आजोळची_पोर:
तुमची आई घरी होती ना? मग सोपं आहे बोलायला.

सासुरवाशीण_नव्हे:
घरी होती. आणि शिकलेली असून घरी होती, ते तिनं आम्हाला जन्मभर ऐकवलं. घ्या, हवंय का असं बालपण?

फिल्लमबाज:
चाळीस वर्षांनंतरही सुलभावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून येतायत. गंभीर चेहऱ्यानं होतं का हे, मिजासराव?

अवधी_मिजास:
भांडणं तेंडुलकरांच्या पटकथेमुळे होतायत, त्याचं श्रेय तिला कशाला? बरं, ते ऐकण्याचं मान्य. तेवढा एक प्रसंग चांगला आहे. खूश? रेखाचा पुरस्कार काढून आणून देतो, पण आधी मुलगी कुणाकडे ठेवायची ते तुमचं ठरू दे.

सासुरवाशीण_नव्हे:
बापाकडे!