मदत हवी आहे: जुना टीव्ही गेम नव्या टीव्हीला कसा जोडायचा?

मंडळी, माळ्यावर आमचा नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडला. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल, ६० पिनांच्या कॅसेटवाली. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, सगळं आहे! भाच्याला कॉन्ट्रातली तीस लाइफची युक्ती शिकवायची फार इच्छा आहे: वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए.

अडचण अशी की नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे आणि गेमला पिवळी-पांढरी एव्ही. बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर लावला तर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो का? टीव्हीचा ‘गेम मोड’ लावून फरक पडतो का? कुणी वापरला असेल तर नक्की सांगा.

दुसरं, डक हंट खेळायची बंदूक. ती जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसाठीच बनलेली. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो प्रकाश टिपते. एलसीडीवर हे जमत नाही. म्हणून चालू स्थितीतला लहान, १४ इंची जुना टीव्ही हवाय. पुण्यात असे टीव्ही दुरुस्त करून विकणारं कुणी माहीत आहे का?