‘मळी’ म्हणजे नेमकी कुठली?

प्रश्न : कचऱ्यापासून हायड्रोजन कसा करतात यावर ऊस उत्पादकांसाठी लेख लिहितेय. त्यात ‘मळीतली साखर जिवाणू खातात’ असं वाक्य होतं. बाबांनी विचारलं, “मळीत कुठली आली साखर? ती तर आपण रानात टाकतोय.” मला मोलॅसिस म्हणायचं होतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : बाबांचं बरोबर आहे आणि तुमचंही. कोल्हापुरात मळ्या चार. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी पडलं की वर फेस येतो, गुळव्या तो काढून टाकतो, ती मळी. कारखान्यात रस गाळून उरलेला काळा गाळ, म्हणजे प्रेसमड, ट्रॉलीनं रानात जातो, तीही मळी. साखरेचे दाणे काढून उरलेला दाट पाक, ज्याचा मद्यार्क करतात, तोही मळी. शिवाय पंचगंगेकाठची गाळाची, मळीची जमीन! सगळ्यांचं मूळ ‘मळ’. तुम्हाला हवी ती तिसरी, तिच्यात जवळपास निम्मी साखर असते. पहिल्यांदा ‘मोलॅसिस, म्हणजे मद्यार्काची मळी’ असं फोडून लिहा. ‘काकवी’ मात्र नको, ती भाकरीबरोबर खायची.

प्रश्न : आणि जिवाणू साखर आंबवून हायड्रोजन करतात, त्या ‘डार्क फर्मेंटेशन’ला काय म्हणू? ‘कृष्णकिण्वन’ वाचलंय.

उत्तर : त्यानं रंग डोळ्यांपुढे येतो. इथं अंधाराची अट नाही, उजेड लागत नाही एवढंच. ‘उजेडाविना आंबवणं’ म्हणा. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे फार तर ४ रेणू मिळतात. उरलेली आम्लं जांभळे जिवाणू उजेडात खातात; दोन्ही टप्पे धरून हिशेब १२ रेणूंपर्यंत जातो, पण तो कागदावरचा.

दुसरं उत्तर : ‘शेवाळ’ही जपून वापरा. आपण भिंतीवरच्या हिरव्या थरालाही शेवाळच म्हणतो. हायड्रोजन देणारं क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शैवाल, डोळ्यांना पाण्याचा हिरवा रंग तेवढा दिसतो. ऑक्सिजन लागला की त्याचं हायड्रोजन करणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं, म्हणून त्याला गंधकाविना उपाशी ठेवतात, म्हणजे ते स्वतः ऑक्सिजन कमी सोडतं.

प्रश्नकर्ती : आभार. सुरुवातीला घालायच्या जिवाणूंना मी ‘विरजण’ लिहिलंय. शेणाचं विरजण आधी उकळून घेतात, हे वाचून बाबा म्हणाले, “उकळलं तर विरजण मरतंय की!”

उत्तर : विरजण फार छान शब्द, तोच ठेवा. बाबांना सांगा, मारायचे असतात ते मिथेन करणारे, गोबरगॅसवाले; ते तयार झालेला हायड्रोजन खाऊन टाकतात. आपल्याला हवे ते क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बीजाणूंच्या कवचात तगतात आणि गार झाल्यावर पुन्हा रुजतात.

प्रश्नकर्ती : ‘रुजतात’ घेतलं. बाबांना ते लगेच कळलं.