मदत हवी आहे : छोट्या सायकलिंग स्टुडिओसाठी कोणते ट्रेनर घ्यावेत?

नमस्कार. पुण्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही सहा ट्रेनरचा (सायकल जोडून जागेवरच चालवण्याच्या यंत्रांचा) छोटा स्टुडिओ सुरू करत आहोत. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करण्याची तयारी करणाऱ्यांचा सराव पावसाळ्यात तुटतो; त्यांना स्वतःची सायकल आणून सराव करता यावा, अशी मनापासून इच्छा आहे.

मागचे चाक रोलरवर टेकवणारे ट्रेनर स्वस्त असतात, परंतु त्यांत टायर झिजतो, शिवाय टायरमधील हवेच्या दाबानुसार वॉटचे (पेडल मारताना लागणाऱ्या शक्तीचे) आकडे बदलत असल्यामुळे प्रत्येक सायकलसाठी पुन्हा कॅलिब्रेशन (आकड्यांची जुळवणी) करावे लागते, आणि लागोपाठच्या वर्गांत तेवढा वेळ मिळणे कठीण आहे. म्हणून आमचा कल डायरेक्ट ड्राइव्हकडे, म्हणजे मागचे चाक काढून सायकल थेट ज्याला जोडतात अशा ट्रेनरकडे आहे. तिथे खरा प्रश्न ट्रेनरवरील कॅसेटचा (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा) आणि आसाचा येतो, कारण कोणाची सायकल ८ स्पीडची (मागे ८ गिअरची) असते तर कोणाची ११ची, कोणाला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) लागते तर कोणाला थ्रू-अ‍ॅक्सल (आरपार जाणारा जाड आस). झ्विफ्ट कॉग (झ्विफ्ट या सायकलिंग अ‍ॅपच्या कंपनीची, कॅसेटऐवजी बसणारी एकच दातेरी चकती) बसवलेल्या ट्रेनरवर ८ ते १२ स्पीडच्या सायकली कॅसेट न बदलता चालतात, मात्र गिअर अ‍ॅपच्या आधारे बदलावे लागतात. नवशिक्यांना हे जमते का?

ज्यांनी रोज अनेक तास ट्रेनर चालवले आहेत, त्यांनी पट्टा आणि बेअरिंग किती टिकले, व्यावसायिक वापरात वॉरंटी मान्य झाली का, आणि खालच्या मजल्यावर जाणारी कंपने रोखण्यासाठी किती जाडीची रबरी मॅट पुरली, हे कृपया सविस्तर कळवावे.