याकोब फिन्त्सी : ज्यू आहे म्हणून निवडणुकीला अपात्र?

जुईली : 3 जानेवारी 2007 रोजी बोस्नियाच्या केंद्रीय निवडणूक आयोगानं याकोब फिन्त्सी यांना लेखी कळवलं, की तुम्ही ज्यू असल्यामुळे तुम्हाला राष्ट्राध्यक्षमंडळाची आणि संसदेच्या वरच्या सभागृहाची निवडणूक लढवता येणार नाही. गुन्हा नाही, दिवाळखोरी नाही, नागरिकत्वाचा घोळ नाही. फक्त जन्म आडवा आला.

हा माणूस कोण? घराणं साडेतीनशे वर्षं सारायेवोचं, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीचं. दुसऱ्या महायुद्धात आईवडिलांना इटालियन फौजेनं राब बेटावरच्या छावणीत डांबलं आणि 1943 मध्ये त्याच बेटावर याकोब जन्मले. पुढे वकील झाले. 1992 साली सारायेवोला वेढा पडला तेव्हा ‘ला बेनेवोलेन्सिया’ या ज्यू संस्थेच्या कामात ते आघाडीवर होते. मिल्यात्स्का नदीकाठच्या सिनेगॉगमध्ये अन्नछत्र चाले, मोफत औषधं मिळत, शहरातून माणसं बाहेर काढायला बसगाड्या सुटत. त्या बसमध्ये मुसलमान होते, सर्ब होते, क्रोएटही होते. अशा माणसाला त्याच्याच शहरात अर्ज भरता येत नाही, हे वाचल्यापासून मला चैन पडत नाही.

कारण बोस्नियातलं युद्ध थांबवणारा 1995 चा डेटन करार. त्याचं चौथं परिशिष्ट म्हणजेच देशाचं संविधान. अध्यक्षमंडळात तिघे : एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुसलमान), एक क्रोएट, एक सर्ब. वरच्या सभागृहात तिघांचे पाच-पाच. उरलेले सगळे ‘इतर’. फिन्त्सी आणि रोमा समाजाचे डेर्वो सेय्दिच युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि 22 डिसेंबर 2009 रोजी जिंकले. संविधान मात्र अजून तसंच आहे. माझ्या मते ही शुद्ध अस्पृश्यता आहे. तुम्हाला काय वाटतं?

गणपतराव : ताई, तळमळ समजली, पण युद्ध विसरू नका. सुमारे 1 लाख माणसं मेली. ‘आपला माणूस वर असेल’ ही हमी मिळाली तेव्हा कुठे बंदुका खाली आल्या. त्याच निकालात माल्टाचे न्यायाधीश बोनेलो यांनी हेच बजावलं होतं, की महत्प्रयासानं जुळलेला समतोल बाहेरून विस्कटू नका. आणि ज्यूंना डावललं म्हणाल तर 2007 ते 2012 परराष्ट्रमंत्री होते स्वेन अल्कलाय. तेही ज्यूच.

जुईली : मग तर आणखीच विचित्र! देशाच्या वतीनं जगाशी बोलायला ज्यू चालतो. फिन्त्सींना स्वतःलाही स्वित्झर्लंडमध्ये राजदूत म्हणून पाठवलं. पण उमेदवार म्हणून मतदारापुढे उभं राहायचं म्हटलं की चालत नाही. आणि बोनेलो एकटे पडले होते. अध्यक्षमंडळाच्या मुद्द्यावर निकाल 16 विरुद्ध 1 होता.

वाचनवेडा : तिथे जात-दाखल्यासारखं काही लागत नाही, माणूस स्वतः सांगेल तोच त्याचा वंश. मग फिन्त्सींनी ‘बोस्नियाक’ लिहून मोकळं व्हायचं होतं. शिवाय देशात ज्यू उरलेत हजारभर. निवडून येणार होते का ते? उगाच तत्त्वाचा हट्ट.

अलिबागवाला : वाचनवेडा, हे पटलं नाही. ज्या माणसाचा जन्म ज्यू असल्यापायी आईवडील छावणीत असताना झाला, त्याला तुम्ही सांगताय की अर्जावर ज्यू लिहू नकोस?

आणि निवडून येण्याचं म्हणाल तर आमच्या रायगडातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची डोकी मुंबईत किती होती? तरी 1937 मध्ये डॉ. ई. मोझेस महापौर झाले. महालक्ष्मीजवळचा रस्ता त्यांच्याच नावाचा. नगरसेवकांनी मतं दिली, कारण उमेदवारीची वाट खुली होती. जिंकणं-हरणं नंतरचं, आधी अर्ज तर घ्या.

गणपतराव : मुंबईत 1937 साली शेजारी शेजाऱ्यावर तोफा डागत नव्हते. सारायेवोत डोंगरावरून गोळे येत होते. दोन्ही एका तराजूत घालू नका.

जुईली : मान्य, तराजू वेगळे. पण डेटन करारानं ज्यांना सांभाळलं म्हणता, त्यांचंही बघा. इलियाझ पिलाव हे बोस्नियाक, स्रेब्रेनित्साचे. ते गाव बोस्नियातल्याच रिपब्लिका स्रप्स्का या सर्बबहुल भागात येतं आणि तिथून अध्यक्षमंडळावर फक्त सर्बच निवडला जातो. म्हणजे ज्या गावात 1995 मध्ये 8,000 हून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले, तिथल्या बोस्नियाकाला उमेदवारी नाही! 2016 मध्ये तेही त्याच युरोपीय न्यायालयात खटला जिंकले. त्याआधी 2014 मध्ये आझ्रा झोर्निच जिंकल्या. ‘मी फक्त नागरिक’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. निकालावर निकाल येतात आणि 2010, 2014, 2018, 2022 या चारही निवडणुका जुन्याच नियमांनी होतात.

गणपतराव : पिलाव यांचं मला माहीत नव्हतं. स्रेब्रेनित्साबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही. अध्यक्षमंडळाची अट काढावी, इथवर मी येतो. वरच्या सभागृहातल्या पाच-पाच जागा मात्र राहू द्याव्यात, तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याच्या बहुमताची भीती वाटायला नको.

अलिबागवाला : राहू द्या की. शेजारी ‘इतरां’साठीही काही जागा ठेवा, म्हणजे फिन्त्सी आणि सेय्दिच दोघांनाही अर्ज भरता येईल.