गूगल फॉर्म असताना मूडलचा खटाटोप कशाला?

खडूफळा: चाचणी घ्यायला गूगल फॉर्म पुरतो. पाच मिनिटांत पेपर तयार, मार्क आपोआप शीटमध्ये. पर्यायांचा क्रम बदलला की कॉपीही बंद. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची ती ऑनलाइन वर्ग-परीक्षांची मूडल-बिडल सिस्टिम ज्यांना दुसरं काम नाही त्यांनी करावी.

रात्रपाळी_मास्तर: दुसरं काम नाही?? अकरावीच्या तीन तुकड्या आहेत माझ्याकडे. तुमच्या फॉर्मला घड्याळ नाही, प्रश्नपेढी नाही, उणे गुण नाहीत. पर्यायांचा क्रम बदलला की कॉपी बंद म्हणे! पोरं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून मोकळी. मूडलमध्ये दोनशे प्रश्न एकदा भरा, मग प्रत्येकाला त्यातले वेगळे वीस, गणितात तर आकडेही वेगळे. २००२ पासून चालू आहे, कोड सगळ्यांना उघडा आहे, उद्या कुणी दुकान बंद केलं तरी प्रश्न आपल्याकडेच राहतात.

वऱ्हाडी_ठेचा: आणि सर्व्हर कोण सांभाळणार, तुमचे काका? आमच्याकडे बॅकअप न घेता अपडेट मारलं, घटक चाचणीचे मार्क गेले. प्राचार्यांसमोर मी उभा होतो, तुमचा उघडा कोड नव्हता.

रात्रपाळी_मास्तर: बॅकअप घेतला नाही हाही मूडलचाच दोष का? कॉपीची भीती असेल तर सेफ एक्झाम ब्राउझर लावा, पेपर चालू असताना बाकी सगळं बंद ठेवतो, झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाचा आहे, फुकट.

वऱ्हाडी_ठेचा: अँड्रॉइडवर चालवून दाखवा. माझ्या वर्गात लॅपटॉप शून्य.

शुद्धलेखन_काकू: तुमचं चालू द्या, माझं दुखणं वेगळंच. एका शब्दात उत्तर: ॲसिड. अर्ध्या वर्गाला शून्य! का, तर कुणी अख्खा ॲ टाइप केला, कुणी अ लिहून वर चंद्र दिला. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. आणि जुने पेपर सगळे कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, पेस्ट केले की इंग्रजी अक्षरांची भेळ.

खडूफळा: कृतिदेवला नावं ठेवू नका हं, वीस वर्षं हात बसलाय.

शुद्धलेखन_काकू: तुमचा हात बसलाय आणि पेपर पुन्हा टाइप मी करते, रात्री अकराला!! मागच्या दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

वऱ्हाडी_ठेचा: अहो सर, कृतिदेवचा तो टायपरायटरचा रेमिंग्टन लेआउट युनिकोडलाही, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या मराठीलाही, मिळतो, बोटं तीच राहतात. निदान इथे तरी हट्ट सोडा.

रात्रपाळी_मास्तर: काकू, ॲची दोन्ही रूपं उत्तरात भरा, मूडल दोन्ही बरोबर धरतं.

शुद्धलेखन_काकू: म्हणजे परत मीच भरायचं. छान.

खडूफळा: बरं बाबा, प्रश्नपेढीचं मान्य. इतका पुळका आहे तर या रविवारी आणि द्या लावून.

रात्रपाळी_मास्तर: येतो. पेपर युनिकोडमध्ये असतील तरच.