मदत हवी आहे: टॉमकॅट १०.१ वर @रिसोर्स फील्ड नल येतंय

जावा वेब सर्व्हर टॉमकॅट ९ वरचं अ‍ॅप्लिकेशन १०.१ वर नेलंय. सर्व्हलेटमध्ये (वेब रिक्वेस्ट हाताळणारा क्लास) डेटासोर्स (डेटाबेस कनेक्शन देणारा ऑब्जेक्ट) सर्व्हरनेच भरावा म्हणून असा घेतला होता: @रिसोर्स(नेम="जेडीबीसी/ऑर्डर्स"). डिप्लॉय बिनतक्रार होतं, पण पहिल्याच रिक्वेस्टला नलपॉइंटर एरर, म्हणजे फील्ड रिकामंच. तेच नाव इनिशियलकॉन्टेक्स्टमधून (नावाने रिसोर्स शोधायची जावाची सोय) "जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/ऑर्डर्स" असं हाताने शोधलं की मिळतं, म्हणजे कॉन्टेक्स्ट फाइलमधली नोंद बरोबर आहे. @पोस्टकन्स्ट्रक्टही (ऑब्जेक्ट तयार झाल्यावर मेथड आपोआप चालवणारं अ‍ॅनोटेशन) चालत नव्हतं, तिथेच शंका आली.

निम्मं कोडं सुटलं. लिब फोल्डरमध्ये जुन्या जावाएक्स पॅकेजमधल्या अ‍ॅनोटेशन्सची जार (लायब्ररी फाइल) राहिली होती, त्यामुळे कोड कंपाइल व्हायचा. पण टॉमकॅट १० फक्त जकार्ता (जावाएक्सचं नवं नाव) पॅकेजमधली अ‍ॅनोटेशन्स बघतो आणि जुनी गुपचूप सोडून देतो. जार काढली, इम्पोर्ट बदलले, सर्व्हलेट चालू. (सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका. डेटासोर्सचं जावाएक्स.एसक्यूएल जेडीकेचं आहे, ते तसंच राहतं.)

आता अडलंय ते डीएओ (डेटाबेसशी बोलणाऱ्या) क्लासमध्ये. तो 'न्यू' करून बनवलाय, म्हणजे कंटेनरला (टॉमकॅटला) त्याचा पत्ताच नाही. इंजेक्शन (फील्ड आपोआप भरणं) होणार नाही हे कळतं. सध्या सर्व्हलेटमधून कन्स्ट्रक्टरने डेटासोर्स देतोय, पण असे चौदा डीएओ आहेत.

वेल्ड ही लायब्ररी टाकून सीडीआय (ऑब्जेक्ट बनवून एकमेकांत आपोआप भरायची जावाची पद्धत) वापरायचा विचार आहे. कुणी १०.१ वर केलंय का? बीनमध्ये (सीडीआयने सांभाळलेल्या ऑब्जेक्टमध्ये) थेट @रिसोर्स भरलं जातं, की एकाच क्लासात डेटासोर्स पुरवणारं @प्रोड्यूसेस ठेवून बाकी सगळीकडे @इंजेक्ट करावं? बीन्स.एक्सएमएल आणि बीनमॅनेजरच्या नोंदीसकट चालणारी मांडणी असेल तर टाका.